दुकानातलं स्टूल: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्मे दुकान, सर्व्हिस, स्टाफ, गिऱ्हाईक याच विषयाचे होते. उन्हाळा लागला की नागपुरात सगळ्यांचीच डोकी तापतात, मालकाची पण आणि गिऱ्हाइकाची पण, त्यामुळे असेल. पाच निवडलेत, नावं कोणाचीच छापत नाहीये. मी स्वतः बावीस वर्षं प्रतापनगरात मेस चालवली, डबे पोचवले, त्यामुळे जे सांगते ते त्यातूनच आलेलं आहे.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं इतवारीत साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. सात जण कामाला, पाच मुली आणि दोन मुलं. प्रॉब्लेम असा की गूगलवर लोक लिहून राहिले, माल चांगला पण स्टाफ उद्धट. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, "हसून बोला" अशी पाटीसुद्धा लावली. वर्षभरात चार मुली सोडून गेल्या, नवीन मुलगी शिकेपर्यंत दुसरीकडे जॉइन होते. आता मित्र म्हणतो की आवाजवाला कॅमेरा लाव आणि तक्रार आली की पगारातून दोनशे रुपये काप. करू का तसं?

उत्तर: भाऊ, नका करू. आधी मी काय पाहिलं ते सांगते. तुमचं पत्र आल्यावर मी एका दुकानात, तुमच्या नाही, ओळखीतल्या दुसऱ्याच, मालकाला सांगून दुपारी अडीच ते साडेचार एका कोपऱ्यात बसून होते. एक मुलगी साडी दाखवत होती, असेल बावीस-तेवीसची. समोर बसलेल्या तिघी बायकांना खुर्च्या होत्या, पाणी आलं, चहा आला. ही उभी. मधेच एक पाय चपलेतून काढायची, दुसऱ्या पायाच्या घोट्यावर टेकवायची, मग पाय बदलायची. मी मोजल्या, चौदा साड्या उलगडल्या तिने, चौदाव्या साडीला त्या म्हणाल्या, जाऊ दे, नंतर बघू, आणि उठल्या. त्या चौदा घड्या करत असतानाच दुसऱ्या एक बाई आल्या आणि विचारलं, यात गुलाबी नाही का? मुलगी वर न बघता म्हणाली, जे आहे ते समोर आहे.

झालं. गूगलवर लिहिलं असतं तर त्या बाईंनी "स्टाफ उद्धट" एवढंच लिहिलं असतं आणि त्यांच्या बाजूने ते खरं पण आहे. पण तेव्हा पावणेचार वाजले होते आणि त्या मुलीचा डबा जिन्याखालच्या कप्प्यात तसाच बंद होता, मी विचारलं तेव्हा म्हणाली, गर्दी कमी झाली की जेवू. आणि मग मी जे विचारलं ते तुम्हालाही विचारते, भाऊ, तुमच्याकडे पाच मुली आहेत, त्यांच्यासाठी बाथरूम कुठे आहे? जुन्या इतवारीतल्या बऱ्याच दुकानांत नाहीच, माहितीये मला. ही मुलगी म्हणाली, काकू आम्ही पाणीच पीत नाही दिवसभर. मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आणि दिवसभर पाणी नाही. तिचं डोकं चारनंतर रोज दुखतं. तिला तुम्ही हसून बोल म्हणून पाटी लावून सांगणार?

म्हणून पहिलं काम बाथरूम. दुकानात जागा नसेल तर शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून करा, नाहीतर जवळ कोणाकडे सोय असेल तर बोलून ठेवा, महिन्याचे काय ते पैसे तुम्ही द्या, आणि जायला कोणाची परवानगी लागणार नाही हे सगळ्यांसमोर सांगा. दुसरं काम, स्टूल. गिऱ्हाईक नसताना बसायचं, एवढाच नियम. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांनी यासाठी आंदोलन केलं होतं, २०१८ मध्ये तिथे कायदा बदलून विक्रेत्यांना बसायची सोय सक्तीची झाली, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तोच बदल केला. आपल्याकडचा २०१७ चा दुकानांचा कायदा म्हणाल तर सात माणसांच्या दुकानाला त्यातल्या बहुतेक तरतुदी लागत नाहीत. मग काय, लागत नाहीत म्हणून उभंच ठेवायचं का? स्टुलाला कायदा कशाला पाहिजे.

तिसरं, जेवणाच्या दोन बॅचेस करा, दीड ते दोन आणि दोन ते अडीच, गर्दी असली तरी, आणि त्या तासाभरात तुम्ही स्वतः काउंटरला उभे राहा. खरंच उभे राहा, गल्ल्यावर बसून नाही. चार दिवसांत तुमचे पाय तुम्हाला सांगतील की तक्रारी कुठून येतात.

आता दंडाचं. आपल्याच गावातली गोष्ट आहे आणि आपणच विसरलो. गांधीसागराजवळ आज जिथे मॉल आहे तिथे एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. तेव्हा मिलमालकांची मोठी डोकेदुखी म्हणजे कामगारांचे खाडे, आज आला उद्या नाही. दंड करणं, हाकलून देणं हे त्या काळातही हाताशी होतंच. इथे मात्र उलटा रस्ता धरला, मिलमध्ये हवा खेळती राहील याची व्यवस्था, १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं आधी नागपुरात हे सुरू होतं! पुढे शंभराहून जास्त वर्षांनी मिल बंद पडली हे सगळ्यांना ठाऊक आहे, ती कारणं वेगळी होती. पण माणूस टिकवायचा असेल तर त्याची काळजी घ्यावी लागते हे तेव्हा एका व्यापाऱ्यानेच हिशोब करून ठरवलं होतं, कोणा संताने नाही.

आणि तुम्ही जे दोनशे रुपये कापणार होता ना, तेच दोनशे त्या मुलींच्या हातात द्या. म्हणजे असं, की गिऱ्हाईक नाराज झालं तर दोनशे रुपयांपर्यंतचा निर्णय मुलीने स्वतः घ्यायचा, मालकाला न विचारता. फॉल-पिको फुकट करून दे, ब्लाउज पीस बदलून दे, साडी उद्या घरी पोचवते म्हण. महिन्याच्या शेवटी बसून फक्त विचारायचं, कुठे वापरले, का वापरले. रागवायचं नाही. आमच्या मेसमध्ये डबा पोचवणाऱ्या मुलांना मी अशी मोकळीक दिली होती, कोणाचा डबा सांडला तर जवळच्या हॉटेलातून घेऊन द्या आणि संध्याकाळी मला सांगा. बावीस वर्षांत कोणी गैरफायदा घेतला नाही असं मी म्हणणार नाही, एकाने घेतला. पण त्या एकासाठी बाकीच्यांना बांधून ठेवलं असतं तर रोज वीस फोन मलाच आले असते.

आवाजाच्या कॅमेऱ्याने काय होईल सांगू, मुली गिऱ्हाइकाशी कमी बोलायला लागतील. आणि एक शेवटचं, ज्या चार जणी गेल्या त्यांना फोन करा. परत या म्हणायला नाही, का गेलात ते विचारायला. दोघी तरी खरं सांगतील.

प्रश्न: ताई, मी मानेवाडा रोडवर कूलर-एसी रिपेरिंगचं काम करतो, माझ्याकडे चार पोट्टे आहेत. मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की दिवसाला साठ-सत्तर फोन येते. सगळ्यांनाच आत्ताच्या आत्ता पाह्यजे. आम्ही काय करतो, जो जास्त बोंबलते त्याच्याकडे आधी जातो, मंग बाकीचे नाराज. वरून पोट्टे दुपारी टिनावर चढाले तयार नाही. मी म्हणतो सीझन आहे, दोन महिनेच त कमाई. चूक आहे का माझं?

उत्तर: कमाई करण्यात काहीच चूक नाही दादा. पण जो ओरडतो त्याच्याकडे आधी, ही लाईन चुकीची लागली आहे. ज्या घरात सहा दिवसांचं बाळ आहे तिथली बाई ओरडत नाही, तिला ओरडायची ताकदच नसते. ऐंशी वर्षांचे आजोबा फोनवर दोनदा "बरं बरं" म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून फोन आला की पत्ता घेतल्यावर लगेच एक प्रश्न विचारायचा, घरात लहान बाळ, म्हातारं माणूस, आजारी कोणी, पोटुशी बाई आहे का? असेल तर वहीत नावापुढे लाल खूण. आधी लाल खुणा, मग नंबराप्रमाणे. आणि जो ओरडतो त्याला पण शांतपणे हेच सांगा, की साहेब आधी एका बाळाच्या घरी चाललोय, तुमचा नंबर अकरावा आहे. दहातले आठ जण गप्प होतात, करून पाहा. आपल्याकडचा माणूस तापट असेल पण बाळाच्या आधी माझा कूलर, असं तोंडाने म्हणत नाही.

"अर्ध्या तासात येतो" हे वाक्य तर आजपासून बंदच करा. माणूस अर्धा तास उकाडा सहन करतो, मग एक तास, मग वाट पाहून पाहून त्याचा जो राग चढतो तो कूलरचा नसतो, खोटं बोलल्याचा असतो. उद्या सकाळी नऊच्या आधी येतो म्हणा आणि पावणेनऊला जा. तोपर्यंत काय करता येईल ते फोनवरच सांगा, पंप बंद पडला असेल तर कूलरच्या गवताच्या ताट्या हाताने भिजवून नुसता पंखा चालतो, एवढं सांगितलं तरी रात्र निघते.

आता पोट्ट्यांचं. मी त्यांच्या बाजूने आहे, स्पष्टच सांगते. दुपारी बारा ते साडेतीन टिनावर हात टेकवून दाखवा तुम्ही आधी. सकाळी सहाला काम सुरू करा, साडेअकराला वरची कामं बंद, दुपारी दुकानात मोटर वाइंडिंग, पंप साफ करणं, ताट्या भरणं असली सावलीतली कामं, आणि चारनंतर परत बाहेर. नागपुरात सकाळी सहाला कोणी नाही म्हणत नाही, लोक उन्हाळ्यात तसेच गच्चीवरून लवकर उठतात. प्रत्येकाच्या बॅगेत पाण्याची मोठी बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं तुमच्या खर्चाने. आणि दुपारचं ताक दुकानात, ते पण तुमच्याच खर्चाने.

आणि एक गोष्ट जी कोणी मागत नाही पण तुम्ही केलीच पाहिजे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान लेकरं जातात. तुमचा माणूस ज्या घरी जाईल तिथे निघण्याआधी बॉडीत करंट येतो का हे टेस्टरने पाहायचं आणि अर्थिंग आहे का तेही तपासायचं, त्याचे वेगळे पैसे नाही घ्यायचे. आणि घरातल्या बाईला सांगून यायचं, पाणी भरताना आधी स्विच बंद करा, पिन काढा, मग भरा, आणि पायात चप्पल. दोन मिनिटं लागतात. पुढच्या वर्षी ती बाई दुसऱ्या कोणाला फोन लावणार नाही.

प्रश्न: मी सक्करदऱ्याला एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर आहे. प्रिस्क्रिप्शन नसताना झोपेच्या गोळ्या मागतात, नाही म्हटलं की आई-बहिणीवरून बोलतात. मालक म्हणतात ग्राहक देव आहे, सहन कर. सहन करायचं का?

उत्तर: नाही, बाळा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या न देणं हा कायदा आहे आणि तू तो पाळतेयस, तुझी पाठ थोपटायला पाहिजे. मालकांना माझा निरोप दे, हे पान दाखव पाहिजे तर: पुढच्या वेळी कोणी शिवी दिली की तुम्ही उठून हिच्या शेजारी येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, औषध मिळणार नाही आणि हिच्याशी असं बोलायचं नाही. एवढंच. भांडायची गरज नाही. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. रांगेत उभे असलेले बाकीचे पाच जण पाहत असतात की हा माणूस आपल्या लोकांसाठी उभा राहतो की नाही.

शिवी देणारा आणि घाबरलेला यात मात्र फरक कर. ज्याचं माणूस मेडिकल हॉस्पिटलला ॲडमिट आहे, रात्रभर जागा आहे, तो पण चढ्या आवाजात बोलतो. त्याला आधी "बसा, पाणी घ्या, कोण ॲडमिट आहे?" असं विचार. तो ओरडतच राहिला तर मग मालक.

प्रश्न: त्रिमूर्तीनगरहून लिहितो आहे, वय ७१. मिक्सर घेतला, आठव्या दिवशी भांड्याच्या खालून धूर निघाला. दुकानदाराने बिलावर बोट ठेवलं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". काउंटरवरच्या मुलाशी माझं जोरात भांडण झालं. आता पुढे काय?

उत्तर: काका, बिलावर काहीही छापलेलं असलं तरी माल खराब निघाला तर ते वाक्य चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, खराब वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचा तर आठवा दिवस. आधी दुकानमालकाला साध्या कागदावर लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे सही घेऊन ठेवा. नाही ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. वकील लागतोच असं नाही.

आणि काका, रागावू नका, पण तो काउंटरवरचा मुलगा. ते वाक्य त्याने छापलेलं नाही, माल परत घ्यायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही, तुमचं ऐकून घ्यायला आणि मालकाचं बोलणं खायला तेवढा तो तिथे आहे. लेखी अर्ज द्यायला जाल तेव्हा त्याला एवढं म्हणा, बेटा त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो, तुझी चूक नव्हती.

प्रश्न: काकू, मी नुकताच डब्यांचा बिझनेस सुरू केलाय, चाळीस डबे आहेत. मागच्या आठवड्यात भाजीत मीठ दुप्पट पडलं. मिस्टर म्हणतात कोणी बोललं तरच सॉरी म्हण, आपणहून म्हटलं तर लोक डोक्यावर बसतात. तुम्ही काय करायच्या?

उत्तर: माझ्याकडे मिठाचं नाही, वरणाचं झालं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, चौऱ्याऐंशी डबे. सकाळी लाईन गेली, सगळंच उशिरा झालं, मी स्वयंपाकाच्या बाईंना म्हटलं, लवकर भरा, लवकर भरा. त्यांनी गरम वरण तसंच मोठ्या भांड्यात झाकण दाबून ठेवलं आणि नंतर भरलं. एक वाजता घरी जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि कळलं, वरण आंबलंय. डबे तोपर्यंत गेलेले.

मी ताट सारलं, वही घेतली आणि फोन लावायला बसले. चौऱ्याऐंशी. "वरण खाऊ नका, माझ्याकडून चूक झाली, आजचे पैसे धरणार नाही, अर्ध्या तासात दहीभात पाठवते." तीच चार वाक्यं. काहींनी उचलला नाही, त्यांच्याकडे मुलाला सायकलवर पाठवलं. एका कॉलेजच्या मुलाने आधीच खाल्लं होतं, त्याच्या रूमवर मी स्वतः गेले, संध्याकाळपर्यंत दोनदा गेले, त्याला काही झालं नाही. दोन-तीन जण फोनवर फार बोलले, ऐकून घेतलं, त्यांचं बरोबरच होतं.

आणि त्या बाई ओट्याजवळ उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. प्रत्येक फोनला त्यांना वाटत होतं की आता ही माझं नाव घेणार. मी घेतलं नाही, कारण पहाटे चारपासून त्या उभ्या होत्या आणि लवकर भरा हे मीच म्हटलं होतं. फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, ताई, आजची माझी हजेरी नका लावू. मी म्हटलं, आधी दोघी जेवू, सकाळपासून तुम्हीही काही खाल्लं नाही. पोळी आणि लोणचं खाल्लं आम्ही, तिथेच ओट्यापाशी.

त्या महिन्यात सहा डबे बंद झाले, अठ्ठ्याहत्तर राहिले. दिवाळीपर्यंत शंभरावर गेले. त्या बाई मेस बंद होईपर्यंत माझ्याकडेच होत्या आणि दर उन्हाळ्यात वरण आधी परातीत ओतून, पंख्याखाली निववून, चाखून मगच डब्यात भरायच्या, मी कितीही घाई केली तरी.

तुमच्या चाळीस जणांना आज संध्याकाळच्या डब्याआधी फोन करा. आठवडा झाला असला तरी करा.